आपल्या रोजच्या वाटेवरचा वास्तुशिल्पी : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

मुलुंड किंवा घाटकोपरहून सकाळची लोकल पकडणारा माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. अंधेरी किंवा बोरिवलीहून निघालेला चर्चगेटला उतरतो आणि रस्ता ओलांडताना पश्चिम रेल्वेच्या मुख्य कचेरीचे पांढरे घुमट त्याच्या डोळ्यांसमोर येतात. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांच्या दक्षिण टोकाला एकाच माणसाची कलाकृती उभी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? वर मान करून पाहायला वेळ कोणाला असतो! गाडीतून उतरलेला लोंढा आपल्याला पुढे ढकलत असतो आणि घड्याळाकडे टाकलेली एक नजर एवढाच काय तो त्या इमारतीशी आपला संबंध. त्या इमारतींच्या निर्मात्याची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, जीवनकथा म्हणूनच वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ साली इंग्लंडमधील बाथ या शहरी झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी रोमन काळापासून प्रसिद्ध असलेले आणि मधाच्या रंगाच्या दगडाने बांधलेले हे शहर आहे. तेथील चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदाच्या हाताखाली पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो उमेदवारी करू लागला. हेच डेव्हिस पुढे बाथमधील जमिनीखाली गाडली गेलेली रोमन स्नानगृहे उजेडात आणून नावाजले. वास्तुकला त्या काळी महाविद्यालयात बसून शिकण्यापेक्षा गुरूच्या फलकावर रेघा ओढत शिकण्याची विद्या होती. स्टीव्हन्सने अशी पाच वर्षे काढली, परीक्षा दिली आणि १८६७ मध्ये हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळवली. वयाची विशी जेमतेम गाठलेला हा तरुण प्रथम पुण्यास रुजू झाला आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईस आला.

योगायोग असा की, त्याच १८६७ सालच्या एप्रिलमध्ये विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावू लागली होती. बोरिवली आणि अंधेरी ही तिच्या वाटेवरची स्थानके. तेव्हाची ही गावे म्हणजे भाताची खाचरे, ताडामाडांची झाडे, कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांची कौलारू घरे आणि त्यांच्या मधोमध पोर्तुगीज काळातील पांढरीशुभ्र देवळे. साष्टीतील आपल्या पूर्वजांनी ज्या चर्चमध्ये गुडघे टेकले, त्यांची बांधणी जाड भिंतींची, चुन्याने रंगविलेल्या साध्या दर्शनी भागाची, अर्धगोल कमानींची होती. अंधेरीत आज सीप्झच्या आवारात अवशेषरूपाने उरलेले संत जॉन बाप्तिस्ताचे १५७९ सालचे चर्च पाहिले म्हणजे त्या बांधणीची कल्पना येते. टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे आणि दगडात कोरलेली पाने-फुले-पशू यांचा या भागाशी फारसा परिचय नव्हता. ही दुसरी परंपरा उत्तर युरोपातून आली, इंग्रजांच्या जहाजातून आली, आणि विशेष म्हणजे मुंबईत ती चर्चपेक्षा कचेऱ्या, न्यायालय आणि रेल्वे यांच्या अंगावर अधिक चढली.

या परंपरेविषयी थोडे विषयांतर करणे भाग आहे. गॉथिक शैली मुळात मध्ययुगातील कॅथोलिक महामंदिरांची. धर्मसुधारणेच्या काळानंतर ती मागे पडली होती. एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले. इंग्लंडमध्ये त्याचा मोठा पुरस्कर्ता ऑगस्टस प्यूजिन हा होता; १८३४ च्या सुमारास त्याने कॅथोलिक धर्म स्वीकारला आणि टोकदार कमान हीच खरी ख्रिस्ती वास्तुकला असा आग्रह धरला. जर्मनीत सोळाव्या शतकात अर्धवट सोडून दिलेले कोलोनचे महामंदिर पुरे करण्याचे काम १८४२ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आले आणि १८८० मध्ये तडीस गेले. त्याच जर्मनीतून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले. पुढे धोबी तलावाजवळ उभी राहिलेली त्याची गॉथिक इमारत स्टीव्हन्सच्या रेल्वे स्थानकापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. जर्मनीतील महामंदिर आणि बोरीबंदरचे स्थानक ही एकाच लाटेची दोन टोके आहेत, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. मात्र एका ठिकाणी वेदीवर मिस्सा होते, दुसऱ्या ठिकाणी तिकिटे मिळतात.

स्टीव्हन्स आला तेव्हाची मुंबई ही एक अर्धवट बांधलेली नगरी होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईचे व्यापारी गब्बर झाले, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडून टाकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर भव्य सार्वजनिक इमारतींचा संकल्प सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, तरी संकल्प कायम राहिला. स्टीव्हन्सला ज्यांच्या हाताखाली काम मिळाले ते जेम्स फुलर याच संकल्पातील उच्च न्यायालयाचे शिल्पकार. विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे लंडनहून सर गिल्बर्ट स्कॉट यांनी पाठविले होते. त्यांनी मुंबईत कधी पाऊलच ठेवले नाही. स्टीव्हन्सची गोष्ट निराळी. तो येथे राहिला, येथील उन्हापावसात वावरला, येथील पाथरवटांची भाषा नसली तरी त्यांचा हात त्याने ओळखला. त्याच्या कामाला जी एक सहजता आहे, तिचे कारण या तेहतीस वर्षांच्या वास्तव्यात शोधावे लागते.

त्याचे पहिले मोठे काम रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे होते. राणी व्हिक्टोरियाचा पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो १८७० मध्ये मुंबईस आला. त्या भेटीची आठवण म्हणून बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेल्या देणगीतून खलाशांसाठी हे वसतिगृह उभारले गेले. बांधकाम १८७२ ते १८७६ या काळात झाले. बंदरात उतरलेल्या परक्या खलाशाला दारूच्या गुत्त्याऐवजी स्वच्छ बिछाना मिळावा, हा त्यामागचा हेतू. या वास्तूचे पुढचे आयुष्य मोठे रंजक आहे. १९२८ पासून तेथे मुंबई इलाख्याचे विधिमंडळ भरू लागले, १९६० नंतर महाराष्ट्र राज्याची विधानसभाही तेथेच भरली आणि १९८१ मध्ये नवे विधानभवन झाल्यावर ती राज्य पोलिसांच्या मुख्यालयाकडे गेली. खलाशी, आमदार आणि पोलीस अशा तिघांनाही एकाच छपराखाली सामावून घेणारी इमारत विरळाच म्हणावी लागेल.

या कामाने स्टीव्हन्सचे नाव झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीला, बोरीबंदर येथे नवे स्थानक आणि मुख्य कचेरी हवी होती. १८५३ च्या १६ एप्रिलला ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती याच बोरीबंदरहून. परंतु तेथील मूळ स्थानक अगदी साधे होते. १८७७ मध्ये सरकारने स्टीव्हन्सची सेवा रेल्वेकडे सोपविली. त्यावेळी तो अवघ्या तीस वर्षांचा होता! युरोपातील मोठी स्थानके पाहण्यासाठी तो काही महिने तिकडे गेला. लंडनचे सेंट पँक्रस हे गॉथिक स्थानक त्याच्या कल्पनेमागे होते, असे जाणकार मानतात. आराखड्याचे जलरंगातील देखणे चित्र अ‍ॅक्सल हेग या कसबी चित्रकाराने काढले. काही अभ्यासक तर इमारतीच्या कल्पनेतही हेगचा वाटा होता असे सुचवितात. श्रेयाचा तो वाद कसाही सुटो. कागदावरचे चित्र दगडात उतरविण्याचा दहा वर्षांचा ताप स्टीव्हन्सने सोसला, हे मात्र निर्विवाद.

काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये झाला. मधल्या काळात, १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव आला आणि स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. ते १९९६ मध्ये बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द जोडला गेला. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र व्ही.टी. हा शब्द अजून आहे आणि त्याहून जुन्यांच्या तोंडी बोरीबंदर.

ही इमारत कशी वाचावी, हे थोडे सांगितले पाहिजे. मध्यभागी मुख्य जिना आणि त्यावर अष्टकोनी दगडी घुमट. घुमटाच्या फासळ्या एकमेकींत अडकवून तो खालून लाकडी साच्याचा आधार न देता रचला गेला. त्या काळी ही मोठी नवलाई समजली गेली. घुमटाच्या शिरावर हाती मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एका बाजूस सिंह, तो इंग्लंडचा. दुसऱ्या बाजूस वाघ, तो हिंदुस्थानचा. दोघे शेजारी शेजारी बसले असले तरी धनी कोण हे पाहणाऱ्याला तेव्हा सांगावे लागत नव्हते. दर्शनी भिंतीवरील गोल चौकटींत रेल्वेच्या संचालकांबरोबर सर जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट यांचेही मुखवटे कोरलेले आहेत. घड्याळाखाली राणीचा पुतळा होता; स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला आणि कोनाडा रिकामा राहिला.

आणि मग प्राणी! मोर, माकडे, मुंगूस, साप, घुबडे, पोपट, उंदीर. युरोपातील महामंदिरांच्या छपरांवरून पावसाचे पाणी थुंकणारे दगडी राक्षस असतात. त्याच जागी स्टीव्हन्सने या देशातील पशुपक्षी बसविले. उपनगरी प्रवाशाने एखाद्या रविवारी, गर्दी नसताना, मुलांना घेऊन जावे आणि त्यांना हे प्राणी मोजायला लावावे. तिकीटघराच्या दालनात शिरताना मान वर करावी. त्याच्या कमानदार छतावर निळ्या रंगावर सोनेरी तारे रंगविलेले असल्याने त्याला तारांकित दालन असे नाव पडले. चर्चच्या छतावर असे आकाश रंगविण्याची युरोपात जुनी प्रथा आहे. मुंबईत त्या आकाशाखाली घाटकोपरचे परतीचे तिकीट मिळते.

ही सारी कोरीव कामे स्टीव्हन्सने स्वतःच्या हाताने केली नाहीत, हे सांगावयास नको. सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी नमुने तयार केले आणि कोरले. जुन्या वृत्तान्तांत या कामाच्या संदर्भात गोमेझ या आडनावाचा एक कारागीर येतो. ते आडनाव आपल्या वाचकांच्या कानाला चटकन ओळखीचे वाटेल. बांधकामावर सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. पुढे महापालिकेच्या इमारतीवरही स्टीव्हन्सने त्यांनाच सोबत घेतले, यावरून दोघांचा परस्परांवरील विश्वास दिसतो. बाकी शेकडो पाथरवट, गवंडी, सुतार आणि पाट्या वाहणाऱ्या स्त्रिया यांची नावे कोठेच नाहीत. दगड तर आपल्याच दाराचा. व्ही.टी.चा पिवळसर दगड मालाडच्या खाणींतून आला. मालाड आणि कुर्ला येथील टेकड्या फोडून दक्षिण मुंबई सजली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आज त्या टेकड्यांच्या जागी वसाहती आहेत आणि तेथील रहिवासी दररोज सकाळी गाडीत बसून आपल्या जुन्या टेकडीच्या भेटीला जातात, एवढेच.

स्थानकाचे काम चालू असतानाच, १८८४ च्या सुमारास स्टीव्हन्सने सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षाच्या ९ डिसेंबरला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते स्थानकासमोर मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीचा पाया घातला गेला. येथे दोन शैलींची स्पर्धा झाली. मद्रासचे रॉबर्ट चिझम यांनी हिंदी-इस्लामी धाटणीचा आराखडा दिला होता, तर स्टीव्हन्सने गॉथिक. अखेर स्टीव्हन्सची निवड झाली. परंतु ही इमारत नीट पाहिली तर जिंकलेल्याने हरलेल्याकडून काही घेतले असावे असे वाटते; कारण घुमट आणि नक्षीदार कमानी यांतून पूर्वेची छाप व्ही.टी.पेक्षा अधिक स्पष्ट आहे. प्रत्यक्ष बांधकाम १८८९ मध्ये सुरू झाले आणि १८९३ च्या जुलैअखेर पुरे झाले. कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. मनोरा सुमारे २५५ फूट उंच. आणि आजच्या वाचकाला सर्वांत अद्भुत वाटेल अशी गोष्ट म्हणजे खर्च! मंजूर रक्कम ११ लाख ८८ हजारांच्या घरात होती. प्रत्यक्षात ११ लाख २० हजारांच्या आतच काम झाले. महापालिकेच्या ताज्या अंदाजपत्रकांच्या पार्श्वभूमीवर हा आकडा कोणी सभागृहात वाचून दाखवावा असे फार वाटते.

याच काळातील एक लहानसे काम मनाला अधिक भिडते. किल्ल्यात, टपाल कचेरीच्या जवळपास, रतनसी मुळजी जेठा यांचे कारंजे आहे. कोवळ्या वयात गेलेल्या आपल्या एकुलत्या एक मुलाच्या स्मरणार्थ या कच्छी व्यापाऱ्याने ते उभारले. आराखडा स्टीव्हन्सचा, शिल्पे ग्रिफिथ्सची. सर्वांत वर हातात पुस्तक घेतलेला मुलगा बसलेला आहे, खाली सभोवार प्राण्यांच्या मुखांतून पाणी पडावे अशी योजना. राजवैभवाच्या इमारती बांधणाऱ्या हातांनी एका बापाचे दुःख इतक्या छोट्या जागेत बसविले. स्टीव्हन्सच्या कामांत मला स्वतःला हे सर्वांत प्रिय आहे.

आता चर्चगेटची गोष्ट. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही पश्चिम मार्गाची कंपनी. प्रतिस्पर्धी कंपनीला व्ही.टी.सारखा महाल मिळालेला पाहून तिलाही साजेशी कचेरी हवी झाली आणि ती त्याच माणसाकडे गेली. १८९४ मध्ये सुरू झालेले हे काम १८९९ मध्ये संपले. काळसर निळ्या दगडाच्या खडबडीत भिंती, त्यावर पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या आणि वर पांढरे घुमट. व्ही.टी.तील टोकदार कमानींचा सोस येथे बराच कमी झाला आहे. पूर्वेकडील घुमट अधिक मोकळेपणाने आले आहेत. दर्शनी भागाच्या शिखरावर हातात आगगाडीचे इंजिन घेतलेली स्त्रीमूर्ती आहे. ती अभियांत्रिकीचे प्रतीक. संतांच्या मूर्ती हाती आपापली चिन्हे घेऊन उभ्या असतात, संत पेत्राच्या हाती चाव्या, संत कॅथरीनजवळ चाक. त्या सवयीच्या डोळ्यांना ही इंजिनधारिणी पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही.

हे घुमट चढत होते तेव्हा मुंबईवर मृत्यूची छाया होती. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. लोक शहर सोडून पळू लागले, व्ही.टी.च्या नव्या फलाटांवरून माणसे गठुडी घेऊन गावाकडे निघाली. समोरच्या महापालिकेच्या नव्या इमारतीत बसून अधिकारी घरे धुण्याचे, रुग्ण हलविण्याचे हुकूम काढीत होते. इतक्या सुंदर नगरीतील चाळींत उजेड, वारा आणि गटारे यांची वानवा होती, हे प्लेगने उघडे पाडले. स्टीव्हन्सच्या दोन इमारती या प्रसंगी समोरासमोर उभ्या होत्या, एकीतून लोक शहर सोडीत होते आणि दुसरीतून शहर वाचविण्याची धडपड चालली होती. तो वास्तुशिल्पी होता, नगररचनाकार नव्हता. त्याचा दोष त्याला देता येणार नाही. तरीही दगडी मोरांवर खर्च करणाऱ्या शहराने गरिबाच्या खिडकीवर काय खर्च केला, हा प्रश्न त्या इमारतींकडे पाहताना मनात येतोच.

सरकारने त्याला सी.आय.ई. हा किताब दिला होता. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा तो फेलो होता. त्याचा मुलगा चार्ल्स त्याच्या व्यवसायात आला होता. पुढील कामे हाती होती. परंतु मुंबईच्या हवेने अखेर त्याला गाठले. १९०० च्या ५ मार्चला हिवतापाने त्याचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय ५२ वर्षांचे होते. चर्चगेटची इमारत पुरी होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. त्याला शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आले.

गॉथिक कमानीचा ओघ त्याच्यामागे काही वर्षे चालला. वांद्र्याच्या डोंगरावरील मोत माऊलीचे सध्याचे मंदिर १९०४ मध्ये शापुरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाने बांधले आणि कुलाब्याचे होली नेम महामंदिर १९०५ मध्ये पूर्ण झाले. दोन्हींत टोकदार कमानी आहेत. त्यानंतर हवा पालटली. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटने गुजरातच्या जुन्या वास्तूंकडे पाहिले. खुद्द चार्ल्स स्टीव्हन्सने १९३३ मध्ये कुलाब्याजवळ रीगल हे चित्रपटगृह उभारले, त्यात कमान नाही, प्राणी नाहीत, सरळ रेषा आणि वातानुकूलन आहे. बापाने कोरलेल्या जगाशी मुलाने असा निरोप घेतला.

२००४ साली युनेस्कोने छत्रपती शिवाजी टर्मिनसचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. शिवडीला जावयाचे असल्यास ते हार्बर मार्गावर येते. मुलुंड-घाटकोपरकरांनी कुर्ल्याला गाडी बदलावी. स्थानकातून दफनभूमी फार दूर नाही. जॉर्ज विटेटचीही कबर तेथेच आहे.